पाठवणीची संथ चाल

आप्पा, तुमचं ते गाणं सापडलं. पाठवणीचं. तुम्ही गेल्यापासून ते कुणालाच सापडत नव्हतं, आणि सापडलं कुठं म्हणाल तर इथं मस्कतला, आमच्या खोलीत, खाटांच्या मधल्या बोळात बसून, एका मल्याळी माणसाच्या मोबाइलवर. कसं सापडलं आणि त्यातनं काय निघालं, ते तुम्हाला सांगावं म्हणून बसलोय. मला लिहायची सवय नाही. आठवीत शाळा सुटली, त्यानंतर पेन हातात आलं ते सह्या करायला. तवा मागचं पुढं झालं तर चालवून घ्या. तुम्ही वाजवतानाही कधी कधी अंतरा आधी घ्यायचा आणि मग सावरायचा, तसंच समजा.

मी इथं एसीच्या डक्टचं काम करतो. मोठ्या इमारतीत छताखालून थंड हवा न्यायला पत्र्याचे बोगदे असतात, ते जोडायचे. त्याच्या आधी इचलकरंजीत मागावर होतो, मग गोव्यात हॉटेलात, मग पुण्यात एका कंपनीत. कुठंच वर्षाच्या पुढं टिकलो नाही. तुम्ही म्हणायचाच, माझ्या पोराच्या पायाला भिंगरी हाय. बँडमध्ये मला खुळखुळा दिलात तोही त्याचसाठी, मला आता कळतंय. हातपाय हलते राहिले तर पोरगं जागेवर राहील, असा तुमचा हिशेब. जागेवर राहिलो तसा दोन वर्षं, तुम्ही होता तोवर.

आपलं बँडचं दुकान अजून डोळ्यांपुढं आहे. गंगावेशीच्या अलीकडची ती गल्ली, वर पाटी, आत भिंतीला खिळ्यांवर टांगलेले लाल कोट, सोनेरी गोंडे काळे पडलेले. कोपऱ्यात ढोल, वर फळीवर तुमची क्लॅरनेटची पेटी, आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. शेजारी चाचांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. दोघांच्या मध्ये एक फळकूट टाकलेलं, त्यावर रविवारी सकाळी सुपारी नसली की तुमची बैठक. ट्रम्पेटवाले मामा, ढोलवाले, तालमीतली चार रिकामी माणसं, कधी पोस्टातले ते चष्मेवाले पावणं, जे जुन्या गाण्यांचे एवढे वेडे होते की चहा थंड व्हायचा पण कप हातातून खाली जायचा नाही. आणि एकदा का तुम्ही आणि चाचा सुरू झालात की बाकीचे नुसते ऐकायला.

तुमचं म्हणणं एकच. सिनेमाचं गाणं बिघडलं ते दोन गोष्टींनी, एक इंग्रजी ताल आणि दुसरा पैसा. आधी माणसं चाल बांधायची, आता माल काढतात, असं तुम्ही म्हणायचा. चार सूर बाहेरनं उचलायचे, खाली ढॅणढॅण घालायची, की झालं गाणं, आठ दिवस वाजतंय, नवव्या दिवशी कुणाला आठवत नाही. चाचा पेचकस खाली ठेवून शांतपणे म्हणायचे की बाहेरनं उचलत कधी नव्हते? तुम्ही ज्यांच्या नावानं कान पकडता त्यांनीही उचललंय, फक्त उचलून धुतलं चांगलं. आणि पैशाचं म्हणाल तर सिनेमा काय धर्मादाय होता काय कधी? तिकीट खपावं म्हणूनच तर गाणी घालायची, तवाही आणि आत्ताही. लोकांना जे पायजे ते द्यावं, त्यात कमीपणा कसला.

एका रविवारचं मला नेमकं आठवतंय, कारण त्या दिवशी मी हसलो आणि तुम्ही माझ्याकडं बघितलंत. वरातीहून तसेच आलेलो, कोट अंगातच. तुम्ही पाश्चात्त्य, पाश्चात्त्य म्हणून तावातावानं बोलताय आणि चाचा तुमच्याकडं खालून वर बघतायत.

"मास्तर, अंगात गोऱ्या साहेबाचा कोट," चाचा म्हणाले, "खांद्यावर त्याचंच गोंडं, हातात त्याचाच बाजा. आणि वर म्हणतोयस विलायती नको."

सगळं फळकूट हसलं. तुम्ही कोटाच्या बाहीनं कपाळ पुसलंत आणि म्हणालात, "कोट त्याचा असंल. घाम माझा हाय की."

आणि मग, हरायची वेळ आली की तुम्ही नेहमी करायचा तेच केलंत. पेटी खाली काढली, क्लॅरनेट जोडलं आणि पाठवणीची चाल काढली. समोरच्या गिरणीतली बाई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. चाल संपल्यावर तुम्ही चाचांना म्हणालात, "ह्यात दाखव विलायती काय हाय. ह्यात दाखव पैसा. असलं एक जरी तुझ्या त्या उचललेल्या मालात असलं तर मी उद्यापासनं खुळखुळा वाजवतो." चाचा पेचकस उचलून आत गेले. जाताना एवढंच म्हणाले, "न्हाय बाबा. त्ये तुझंच हाय." आम्हाला वाटलं, हरले. दर रविवारी असंच व्हायचं आणि दर रविवारी आम्हाला तसंच वाटायचं.

त्या चालीची गोष्ट तुम्ही किती वेळा सांगितली असेल. बँडची माणसं नवी गाणी बसवतात ती पावसाळ्यात, लग्नं बंद असतात तेव्हा. त्या वर्षी, माझ्या जन्माच्याही आधी, तुम्ही राधानगरीच्या बाजूला मामाच्या गावी गेलता. रोप लावणीला हात हवे होते म्हणून. सोबत चाचांनी भरून दिलेली एक कॅसेट, नुसत्या वाद्यांवरच्या चाली, शब्द नाहीत, वर नाव नाही. दिवसा चिखलात, संध्याकाळी मामीच्या चुलीपुढं, भाताच्या पोत्यावर टेप ठेवून ऐकायचं. पाऊस असा की लाइट गेली ती गेलीच, पंधरवडा आली नाही. तुम्ही सेलवर टेप चालवलात. बाकीच्या चाली माहितीतल्या होत्या, त्या पुढं पळवायचा. ही एक अनोळखी. तुम्ही सांगायचा की चुलीतला जाळ, वर कौलांवर पाऊस, आणि त्यात ती चाल अशी संथ, अशी खोल, की मामी भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, कुठली रं ही, माझं माहेर आठवलं. तुम्ही ती तिथंच बोटांत बसवली. परत निघायच्या दिवशी टेपनं कॅसेट खाल्ली, सगळी पट्टी गुंतून बाहेर आली. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही. चाल तुमच्याकडं आली होती.

ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी ऐकलीय. चुलीसकट, पावसासकट, सेलसकट. कुणाच्या डोक्यात काही आलं नाही.

मग गल्लीगल्लीत डॉल्बी आली. आधी मिरवणुकीत, मग वरातीत, मग हळदीलासुद्धा. भिंतीएवढे स्पीकर ट्रॉलीवर रचायचे आणि छातीत ठोके बसतील असं वाजवायचं. तुमच्याकडं पोरं यायची, मास्तर, ते नवीन वाजवा की, नाचायचंय आम्हाला. तुम्ही त्यातलं थोडं वाजवायचा, अगदीच नाही असं नव्हतं, पण तोंड असं करायचा की नाचणारा पोरगा बिचारा ओशाळायचा. सरावाला एकदा मी खुळखुळ्यावर तो नवा ठेका धरला, गंमत म्हणून. तुम्ही क्लॅरनेट तोंडातून काढलंत आणि सगळ्यांपुढं म्हणालात, "हितं गाणं चाललंय. उड्या मारायच्या असतील तर रंकाळ्यावर जा." मी गेलो खरंच. रंकाळ्याच्या कठड्यावर बसलो, भेळ खाल्ली आणि परत आलो तर तुम्ही माझा कोट खिळ्यावर नीट लावून ठेवला होता.

पण डॉल्बीवाल्यांनाही एक माहीत होतं. नाचून झालं, जेवणं झाली, पोरगी गाडीत बसायची वेळ आली की त्यांच्याकडं वाजवायला काही नसायचं. तेव्हा मुलीचा बाप तुम्हाला हाक मारायचा. डॉल्बी बंद व्हायची आणि तुम्ही पुढं यायचा. गल्लीतल्या, पेठेतल्या, पलीकडं पार वडणग्यापर्यंतच्या पोरी तुम्ही त्या चालीवर पाठवल्या. ज्यांनी सुपारी डॉल्बीला दिली त्यांच्याही. आई त्यावरनं चिडायची, तुम्ही म्हणायचा, पोरीनं काय केलंय.

आणि मग तुम्ही गेलात. छातीत कळ आली म्हणालात, पाणी मागितलंत, मी पाणी घेऊन येईतो संपलं होतं. धाकटी तेव्हा चौथीत होती. तिला दोन वेण्या घालून शाळेत पाठवलेली, ती दुपारी मला शोधत दुकानात आली. ते मी लिहीत नाही.

ती धाकटी आता मोठी झाली, आप्पा. तिचं लग्न ठरलं. मुलगा इचलकरंजीचा, घरचे माग आहेत, माणसं साधी आहेत. त्यांना डॉल्बी हवी होती, आईनं व्हय म्हटलं. हॉल त्यांच्या पसंतीचा, व्हय. जेवणात काय, त्यालाही व्हय. मला फोनवर सगळं सांगत होती आणि मी म्हटलं, अगं तू कशालाच नाही म्हटलं नाहीस काय? तर म्हणाली, "मी सगळं सोडलंय. पर पोरगी घराबाहेर पडंल ती त्यांच्या चालीवरच. साऱ्या गावच्या पोरी त्यांनी पाठवल्या, आणि घरचीच ऱ्हायली."

बस, मग तिथून सुरू झालं. चाल कुणाकडं आहे? तुमच्या बँडमधले ढोलवाले गेले. ट्रम्पेटवाले मामा आहेत, वय झालंय. त्यांना विचारलं तर ते रडवेले झाले, कारण त्यांना फक्त त्यांचे स्वतःचे सूर आठवतात. तुम्ही चाल घ्यायचा आणि ते मागं एक लांब सूर धरून ठेवायचे, तेवढंच. मला माझा खुळखुळा कधी थांबायचा तेवढंच पक्कं आठवतं, कारण त्या गाण्यात मी सबंध वेळ थांबायचोच. मामांनी निपाणीकडचा एक क्लॅरनेटवाला पोरगा शोधला, चांगला तयार आहे म्हणाले, पण तो म्हणतो, मला गाणं ऐकवा, मी वाजवतो. ऐकवणार काय? तुमचं वाजवणं कुणी भरून ठेवलेलं नाही. तेव्हा कुणाला वाटलंच नाही. चाचांनी फोनवर एवढंच विचारलं, तू तिकडं हुडकतोयस काय? व्हय म्हटलं. मग म्हणाले, हुडक बाबा, घावलं तर मला आधी सांग. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

आमच्या खोलीत शुक्रवारी सुट्टी. सकाळी कपडे धुवायचे, मग कुणीतरी मटण शिजवायला ठेवतो, आणि ते शिजेपर्यंत गाण्यांवरनं भांडण. तुम्ही असता तर इथंच राहिला असता. केरळचा एक वयस्कर माणूस आहे, आम्ही सगळे त्याला चेट्टा, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतो, त्याला जुन्या हिंदी गाण्यांचं एवढं वेड की आमच्यातल्या कुणाला नसेल. बिहारचा एक वेल्डर आहे, तो त्याच्या विरुद्ध. वेल्डर म्हणतो, तुमच्या जुन्या लोकांनी सगळं बाहेरनं चोरलंय, मोबाइलवर दोन्ही शेजारी लावून दाखवतो. चेट्टा म्हणतो, आताचे तर चोरतही नाहीत, जुनंच पुन्हा गरम करून विकतात. तिसरा कुणी तरी म्हणतो मटण करपतंय. मी त्या दिवशी मधेच म्हटलं, माझं एक गाणं हुडकून द्या, आणि त्यांच्यापुढं तुमची चाल आठवेल तशी, तुटक तुटक तोंडानं म्हणून दाखवली. लाज वाटली, गळा काही माझा नाही. पण म्हटली.

चेट्टानं डोळे मिटून ऐकलं. पुन्हा म्हण म्हणाला. मग त्यानं पालथं ताट ओढलं आणि माझ्याबरोबर बोटांनी त्यावर वाजवायला लागला, पण माझ्या दुप्पट वेगानं. मी म्हटलं, अरे नाही, संथ आहे. तो हसायला लागला. मोबाइल काढला, थोडं शोधलं आणि माझ्यापुढं धरला.

आप्पा, ते हॉटेलातल्या नाचाचं गाणं आहे.

काळापांढरा सिनेमा. धुरानं भरलेलं हॉटेल, हातात ग्लास घेतलेली माणसं, मध्ये एक बाई डोक्याला पिसं लावून नाचतेय. सुरुवातीलाच ट्रम्पेट, खाली बोंगो, मागं गिटार. तुम्ही ज्याला ज्याला नावं ठेवायचा ते सगळं त्यात हजर होतं. आणि चाल तीच. वळण न् वळण तेच, तिसऱ्या ओळीत तुम्ही जिथं श्वास घ्यायचा तिथं ती बाई डोळा मारते. मला आधी कळेना. मग मामीची चूल आठवली, लाइट गेलेली आठवली, आणि टेपचे सेल उतरले की गाणं कसं ओढल्यासारखं संथ आणि जाड होतं ते आठवलं. शब्द असते तर गाणाऱ्याचा आवाज घोगरा झालेला लगेच कळला असता. नुसत्या वाद्याचं कुणाला कळणार? तुम्ही उतरलेल्या सेलवर गाणं शिकलात, आप्पा. आणि त्यावर अख्खं गाव रडवलंत.

वेल्डरला तर चेव आला. त्यानं त्याच्या मागचं परदेशी गाणंही काढलं, ज्याच्यावरनं ही चाल उचलली असं लोक म्हणतात. त्या हिंदी गाण्याच्या खाली माणसांनी लिहिलेलं होतं, ते त्यानं मला वाचून दाखवलं. कुणी म्हणतंय चोरी, कुणी म्हणतंय प्रेरणा, कुणी आईबापावर गेलंय. एकानं लिहिलं होतं की हेच खरं आपल्या मातीतलं संगीत, आता नुसता बाजार झालाय. त्या पिसंवाल्या बाईच्या खाली. ते ऐकून मला एकदम तुम्हीच दिसलात, बाहीनं कपाळ पुसताना. मी हसतोय की काय करतोय ते खोलीतल्यांना कळेना. चेट्टानं ताट सरळ केलं आणि माझ्यापुढं भात वाढला.

चाचांना फोन लावला. म्हटलं, चाचा, गाणं घावलं. कुठलं रं, ते म्हणाले. मी म्हटलं, चाचा, ते तर नाचाचं. तिकडनं आधी खोकल्यासारखा आवाज आला, मग कळलं की ते हसतायत. खूप वेळ हसले.

"मर्दा," ते म्हणाले, "ती कॅसेट मीच भरली हुती की."

मी म्हटलं, म्हणजे तुम्हाला पहिल्यापासनं माहीत होतं? मग जे काही ते बोलले ते मी तुम्हाला जमेल तसं सांगतो. त्या पावसाळ्यानंतर त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. तुम्ही राधानगरीहून येताना नवीन चाल आणलीय म्हणालात आणि कुणाला आधी ऐकवली नाहीत. तुझ्या बहिणीला माझ्याकडनं भेट, म्हणालात. रुखसतीच्या वेळी तुम्ही पहिल्यांदा ती काढली. चाचांना दोन सुरांत ओळखू आलं. काय झालंय तेही कळलं, रोज टेपच दुरुस्त करणारा माणूस तो. हसू फुटलं म्हणून त्यांनी तोंडाला रुमाल लावला.

"मग आमच्या अब्बाकडं बघितलं," चाचा म्हणाले. "आमचा अब्बा कडक माणूस, आई गेली तवाबी हूं का चूं केलं न्हवतं. तो भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडत हुता. माझा रुमाल तसाच डोळ्याकडं गेला. आता सांग, दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन मी तुझ्या बाला काय सांगू? सेल उतरलं हुतं म्हणून?"

मी म्हटलं, पण इतकी वर्षं, दर रविवारी? एका शब्दात तुम्ही जिंकला असता की. चाचा म्हणाले, हारायला काय हुतंय. हारलो की त्यो वाजवायचा. मला त्येच पायजे हुतं.

फोन ठेवून मी बाहेर पाण्याच्या टाकीपाशी कपडे काढायला गेलो. ते वाळून कडक झाले होते. मला वाटायचं दुकानात त्या फळकुटावर एकच माणूस गाण्यासाठी भांडतोय, ते तुम्ही. दुसरा नुसता तुम्हाला खिजवतोय.

आता पुढचं ऐका. त्या निपाणीच्या पोराला गाणं पाठवायचं होतं. आहे तसं पाठवलं असतं तर त्यानं नाचाचंच बसवलं असतं, आणि आईनं ऐकलं असतं तर काय झालं असतं देव जाणे. मी मोबाइलवरच वेग कमी करून आधी चाचांना पाठवलं. चाचांनी ऐकून लगेच फोन केला, ह्ये न्हाय. नुसतं हळू झालंय, सूर खाली आलेला न्हाय. सेल उतरल्यावर सूर बी खाली येतोय, तुझ्या बाची चाल जाड हुती. म्हणाले, तू गप बस आता, मी करतो. आणि त्यांनी काय केलं माहीत आहे? माळ्यावरनं एक जुना टेप काढला. गाणं कॅसेटवर भरलं. मोठे सेल आता कुणी वापरत नाही, ते कुठून तरी लक्ष्मीपुरीतनं नवे आणले आणि ते उतरावेत म्हणून दिवसभर हातातल्या बॅटरीत घालून ती पेटती ठेवली. चाची विचारायला लागल्या, उजेडात बॅटरी कशाला लावलीय, डोकं फिरलंय काय. दुपारी एकदा टेपमध्ये घालून बघितलं, अजून जोर होता. पुन्हा बॅटरीत. संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांना पाहिजे तसा वेग लागला, तेव्हा ट्रम्पेटवाले मामांना आणि त्या पोराला दुकानात बोलावून घेतलं, आणि सेल अगदी संपायच्या आत त्याच्या बोटांत ती चाल बसवली. तो पोरगा म्हणाला, चाचा, ही कुठल्या सिनेमातली? चाचांनी सांगितलं, सिनेमातली न्हाय, मास्तरांची हाय.

मला सुट्टी मिळाली नाही. मागितली, साहेब म्हणाला इमारत पुढच्या महिन्यात द्यायचीय. ह्या वेळी नोकरी सोडून यायचं मनात आलं होतं, माझं तुम्हाला माहीतच आहे, पण आई म्हणाली, आता टिकलायस तर टीक. लग्नाच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डक्टच्या पत्र्यांच्या आड बसलो आणि मामांच्या नातवानं तिकडनं मोबाइल धरला. आधी नुसती डॉल्बी, मोबाइल थरथरतोय, काही कळत नाही. नवरदेवाचे मित्र नाचतायत, आणि खरं सांगायचं तर चांगले नाचत होते. मग धाकटी बाहेर आली. हिरवा चुडा, डोक्यावर पदर, तुमचंच नाक. आईनं कुणाला तरी हात केला आणि डॉल्बी बंद पडली.

त्या पोरानं पहिला सूर लावला आणि मामांनी मागं आपला लांब सूर धरला. एवढ्या वर्षांनी त्यांना कुठं जोडायचं ते सापडलं होतं. पोरगा तुमच्यासारखा नव्हता, जरा सावध वाजवत होता, तिसऱ्या ओळीत श्वासही त्यानं दुसरीकडं घेतला. पण ती चाल होती, आप्पा. जाड, संथ, चुलीपुढची. मोबाइल हलायला लागला, नातूही रडत असावा. नाचणारी पोरं हात खाली सोडून उभी होती. आणि चाचा. चाचा आईच्या मागं उभे होते, सगळ्या गर्दीत एकटे हसत होते, आणि हसता हसता चष्मा काढून पुसत होते. आईनं त्यांच्याकडं रागानं बघितलं.

धाकटीनं दुसऱ्या दिवशी सासरहून फोन केला. आपल्याकडच्या पोरी बोलतात तशीच, पोरांगत बोलते अजून, "मी ठरवलतो रडायचं न्हाय, त्या बाज्यानं घात केला." मग म्हणाली की तिच्या नणंदेचं लग्न पुढच्या वर्षी आहे, तिच्या सासऱ्यांनी त्या पोराचा नंबर घेऊन ठेवलाय. तीच चाल पायजे म्हणतात. तिनं विचारलं, दादा, ते गाणं मूळ कुठलं रे, तुला सापडलं म्हणे? मी म्हटलं नेटवर कुठं तरी होतं, आता दिसत नाही.

ते मूळ गाणं माझ्या मोबाइलमध्ये आहे. शिडीवर चढताना कानात लावतो. चांगलं आहे, आप्पा. ते परदेशी पण चांगलं आहे. पाय हलतात, आणि चेट्टा खालून ओरडतो की पडशील. तुम्ही ह्यावर काय म्हणाला असता ते मला माहीत आहे, आणि तुम्ही म्हणाला असता ते मी ऐकून घेतलं असतं.

हे कागद मी कुठं धाडणार नाही. चाचांना दाखवणार नाही, आईला तर नाहीच. आणि उद्या तुम्ही समोर येऊन फळकुटावर बसलात, पेटी काढलीत आणि म्हणालात ह्यात विलायती काय हाय दाखव, तर मीही न्हाय बाबा म्हणून खुळखुळा घेऊन आत जाईन. तुम्ही वाचणार नाही म्हणून एवढं लिहिता आलं.